जिताड्याचं डोकं

३ नोव्हेंबर १९८५, रविवार

आणि म्हणे माशाला रॉकेलचा वास येतो. येऊ दे ना. खातंय कोण? तुम्ही तर ताटच सरकवलंत भावोजी, मग वास तुमच्या नाकाला कशाला? संपाच्या वर्षी गिरणीच्या फाटकाबाहेर बसून बसून घरात दाणा उरला नव्हता, तेव्हा ह्याच खाडीची बोय आणि शिंगटी दोन्ही वेळेला मिटक्या मारत खाल्लीत. तेव्हा नाक कुठे गहाण टाकलं होतं? आता सोसायटीत वॉचमनची टोपी मिळाली तर खाडीचा मासा घाण झाला.

हे मी तोंडावर बोललो नाही. बोललो असतो तर ताई मधे पडली असती, आणि तिला आता मधे पाडायचं नाही. तिसरा महिना आहे. ह्याआधी दोनदा दिवस राहून गेलं. म्हणून गप्प बसलो आणि इथे लिहितोय. चौथीत शाळा सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, अक्षर बरं आहे, मोडू नकोस. किराणावाल्याने दिवाळीच्या आधीच डायरी दिली, चालू सालची, शिल्लक राहिलेली. चालेल.

आजचा मासा सांगतो. जिताडा. हातभर. मिठागराच्या बांधावर मी आणि चाळीतला रतन सकाळपासून गळ टाकून बसलो होतो. भरती उतरायला लागली आणि माझी दोरी अशी ओढली की बोटाला काप गेला. रतन ओरडला, "सोड, ढील दे, ढील दे, तुटेल!" दोघांनी मिळून चिखलात लोळत बाहेर काढला. बाजारात ह्याला शंभर रुपयांच्या खाली कोणी हात लावू देत नाही.

ताईने कोकम घालून तिकलं केलं. डोहाळे आंबटाचेच आहेत. डोकं तिला वाढलं. आई सांगते, पोटुशीने माशाचं डोकं खावं, पोर हुशार निपजतं. ताईने डोकं असं चोखलं की नुसती हाडं राहिली. मी बघत बसलो. ह्या घरात मी फुकट खातो असं ज्याला वाटतं त्याने तेवढं बघायला हवं होतं. पण ते ताट सरकवून ड्युटीवर गेले होते.

जाता जाता म्हणाले, "गळ टाकून बसणं म्हणजे काम नव्हे धाकू. तुझं बूड एका जागी टिकत नाही."

अहो, गळ टाकून बसायलाच तर बूड लागतं!

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बांधावर गंमत झाली. एक बाई आल्या. चष्मा, खांद्याला शबनम, पायात कॅनव्हासचे बूट, चिखलाने भरलेले. हातात कात्री. आम्ही सात-आठजण बसलो होतो. म्हणाल्या, "तुम्ही पकडलेले मासे घरी खाता ना? मला तुमच्या केसांची एक बट हवी आहे."

रतन म्हणाला, "हजामतीचे किती घेता बाई?"

सगळे हसले. बाईही हसल्या. नाव मृणालिनी, कुठल्याशा संस्थेत खाडीच्या पाण्याचा अभ्यास करतात. म्हणाल्या, पाण्यात पारा आहे का, माशात आहे का, आणि मासे खाणाऱ्यांच्या अंगात उतरला आहे का, हे केसावरून कळतं.

पारा म्हटल्यावर रतन अजून हसला. "बाई, आमच्या आयशीने जन्मभर तांदळाच्या डब्यात पाऱ्याच्या वड्या ठेवल्या. किडा पडत नाही. वैद्य तर पारा चाटवतात. आम्ही सगळे जिवंत आहोत, हे काय तुमच्यासमोर!"

बाई म्हणाल्या, "डब्यातला वेगळा आणि माशातला वेगळा." पुढे काही सांगत होत्या पण कोणी ऐकत नव्हतं. एकेकजण पाठ फिरवून बसला. केस कोण देतो? केस आणि नखं बाहेरच्या माणसाला देत नाहीत. करणी होते. रतन माझ्या कानात म्हणाला, "देऊ नको रे. गावाकडे एकाचा केस बाहुलीत सापडला होता."

बाई एकट्या उभ्या राहिल्या कात्री घेऊन. मला ते बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझे केस खांद्यापर्यंत आहेत, झकास आहेत, त्याची थोडी शायनिंग पण मारायची होती. म्हटलं, "घ्या. माझे घ्या."

त्यांनी मानेजवळून अगदी मुळाशी कापले. पाकिटावर नाव लिहिलं, किती वेळा मासे खाता विचारलं. म्हटलं, जेव्हा मिळतील तेव्हा. म्हणजे? म्हटलं, म्हणजे रोज.

"घरी कोण कोण?"

"बहीण आणि भावोजी."

तेवढंच विचारलं, तेवढंच सांगितलं.

१८ नोव्हेंबर

ताई माझी मान बघून हसून हसून खाली बसली. "मेल्या, कोंबडेन वरबाडल्यासारख्या दिसता!" केस कोणाला दिले ते सांगितलं. आधी घाबरली, मग म्हणाली, "शिकलेल्या बाया करणी करत नाय. पण तिका केसात काय दिसतला?"

मला तरी काय माहीत.

१ डिसेंबर

प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागलो होतो, तिथून चार दिवसांपूर्वी निघालो. मुकादम बापावर गेला, मी त्याच्या अंगावर गेलो. घरी अजून सांगितलेलं नाही. सकाळी डबा घेऊन निघतो आणि बांधावर जातो. मासे भरपूर.

१२ जानेवारी १९८६, रविवार

बाई आल्या. नेमक्या माझ्याकडे आल्या. बाजूला चला म्हणाल्या. मिठाच्या ढिगाआड उभे राहिलो.

"धाकूजी, तुमच्या केसात पारा निघालाय. चालेल त्याच्या कितीतरी वर."

मला वाटलं मी मरणार. विचारलं. म्हणाल्या, नाही, तुम्ही धडधाकट आहात, हातपाय बधिर होतात का, कमी दिसतं का? मी म्हटलं, मला पलीकडच्या काठावरचा बगळा दिसतो. म्हणाल्या, मग मासे बंद करा, हळूहळू उतरेल. मोठा मासा लहान माशांना खातो, त्यांचा सगळा पारा त्याच्यात साठतो. म्हणून जिताडा सगळ्यात वाईट. समुद्रातले छोटे, मांदेली, बोंबील, ते त्या मानाने बरे.

मग म्हणाल्या, "केस महिन्याला नखाएवढा वाढतो. जे खाल्लं ते त्यात बसत जातं. मुळाकडे अलीकडचं, टोकाकडे जुनं. तुमचं दोन वर्षांचं खाणं मला दिसलं."

दोन वर्षांचं. म्हणजे संप मोडल्यापासूनचं.

मी विचारलं, "सगळ्यात जास्त कोणाला बाधतं?"

"पोटातल्या बाळाला. आईला काही होत नाही, पण बाळाच्या मेंदूला लागतं. का हो? घरी कोणी आहे?"

तेवढ्यात रतनने हाक मारली, तुझा गळ हलतोय. मी धावत गेलो. शिंगटी होती. गळातून सोडवली आणि परत पाण्यात टाकली. रतन बघतच राहिला.

बाईंनी कागदावर पत्ता लिहून दिला. परत काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या घरी आल्या असत्या, आणि ताईला कळलं असतं.

१३ जानेवारी

काल घरी एक बोय होती, सकाळचीच. ताई नळावर गेली तेव्हा मी ती चिरली. आतडी, कल्ले, डोळ्यामागे, सगळं उलटंपालटं करून बघितलं. पारा म्हणजे चांदीचा थेंब, थर्मामीटर फुटला की पळतो तसा. एक थेंब दिसला नाही. मग वाटलं बाईंचं काहीतरी चुकलं असेल. मग वाटलं केसात तरी कुठे दिसतो? मासा मांजराला टाकला. मग मांजराकडे बघून कसंतरी वाटलं आणि ओढून घेतला. मांजराने हाताला ओरखडा काढला.

मग तांदळाचा डबा आठवला. ताईनेही ठेवल्यात पाऱ्याच्या वड्या, मलमलच्या फडक्यात बांधून, आईची रीत. बाई म्हणाल्या वेगळा असतो. पण पारा तो पाराच ना. रोज त्या तांदळाचा भात तिच्या पोटात जातो. हात घातला, पुरचुंडी काढली, खिशात टाकली आणि थेट बांधावर गेलो. लांब फेकली, खाडीच्या मधोमध. जरा बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

सांगायचं कसं? आठवडाभर हेच चाललंय. ताई, तुला मी जे जिताड्याचं डोकं खाऊ घातलं, पोर हुशार व्हावं म्हणून... पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही. दोनदा राहून गेलं तेव्हा ती महिना महिना बोलत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडायची. ती दोन पण संपानंतरचीच. हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं. लिहायला नको होतं.

तिला आता घाबरवलं तर त्यानेच काही होईल. त्यापेक्षा मासा बदलावा. तिला कळणारही नाही.

बाजारातून बांगडे आणले. उसने पैसे रतनचे. घरी आणायच्या आधी एकेकाच्या जबड्यातून गळ आरपार काढला, भोक दिसलं पाहिजे म्हणून. वर थोडा चिखल लावला.

ताईने टोपलीत बघितलं. "मासो खंयचो रे?"

"खाडीतलाच की."

तिने बांगडा हातात घेतला, डोळा दाबला, माझ्याकडे बघितलं. "आज खाडयेत बर्फ पडलेलो दिसता."

आणि धुवायला घेतला. मस्करी करते. फसली.

२८ जानेवारी

असं विकत घेऊन भागणार नाही. रतन म्हणाला, खारदांड्याला होड्या लागतात तिथे सकाळी हमाली मिळते, वर मासा देतात. पहिल्या गाडीने दादर, तिथून खार, तिथून चालत. तिथे मालनमावशी म्हणून कोळीण आहे, तिच्या नवऱ्याच्या दोन होड्या. आवाज असा की होडीवरून आला की किनाऱ्यावरून ते कळत नाही.

मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काय रं, सिनेमात जायचाय का? केस बघ त्याचे! टोपली उचलशील का बट सांभालशील?"

उचलली. दुपारपर्यंत खांदा सोलून निघाला. पैसे दिले आणि वर विचारलं, "मासा कोंचा देव?"

म्हटलं, "लहान द्या. बोंबील, मांदेली. घरी पोटुशी आहे."

मावशी थांबली. मोठ्या टोपलीतून निवडून निवडून मांदेली काढली, मूठभर जास्त घातली. "मोठा नको कशाला रं? बाकीचे तर पापलेटसाठी भांडतात."

म्हटलं, तिला लहानच आवडतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

तांदळात किडे पडले. सोंडे. भावोजींनी डबा उपडा केला, वड्यांची पुरचुंडी सापडली नाही. ताईला ओरडायला लागले. मी म्हटलं, मी काढली, उंदराने ओढली असं वाटून टाकून दिली. "उंदराने पारा ओढला? अक्कल आहे का तुला?" असं बराच वेळ. मग ताईने सुपात तांदूळ घेऊन निवडायला सुरुवात केली आणि म्हणाली, "रवांदे ओ. निवडून खाऊया. किडे काय इषारी नसतत."

हे ती माझ्याकडे बघत म्हणाली. का ते कळलं नाही.

एक बरं झालं. भावोजींना कळलं मी रोज कामाला जातो. चौकात दुसऱ्या वॉचमनला सांगत होते, "आमचा मेव्हणा सुधारला. खारला जातो, पहाटे. गळ पण टांगून ठेवला." आणि काल त्यांनी स्वतःच्या ताटात मांदेली वाढून घेतली. दोनदा. म्हणाले, "ह्याला वास नाही."

माझ्या मनात आलं सांगावं, वास तुम्हाला बरोबर येत होता. पण सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

९ मार्च, रविवार

ताईला गावाला पाठवलं. सातवा लागला. पहिलं बाळंतपण, आईकडेच. भावोजी सोडायला गेलेत. स्टँडवर मी खिडकीखाली उभा होतो. पिशवीत सुके बोंबील बांधून दिले, खारदांड्याचे, मावशीने उन्हात माझ्यासमोर वाळवलेले.

गाडी सुरू झाली तेव्हा ताई वाकून म्हणाली, "धाकू, काम सोडू नको. आणि ती केस कापणारी बाई परत इली तर माका कळव."

"तिचं काय आता?"

"काय नाय. आपलां विचारलंय."

गाडी वळेपर्यंत बघत होती. बायकांना अशा वेळी कसलीही आठवण येते.

२१ मे

मुलगा! तार आली. तार बघून चाळीतल्या सगळ्या बायका आमच्या दारात जमल्या, कोण गेलं म्हणून. भावोजींना फोडता येईना. मी फोडली, वाचली, आणि ओरडलो. मग भावोजींनी मला मिठी मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. वॉचमनच्या टोपीसकट.

खारदांड्याला पेढे घेऊन गेलो. मावशीने विचारलं, "पोर कसा हाय? रडतो का बरा?"

म्हटलं, तारेत एवढं लिहीत नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

गावचा सहदेव आला, एस्टीत कंडक्टर आहे. दर फेरीला बातमी आणतो. म्हणाला, "भाचो तुझो एकदम गुणी. रडना नाय, पडना नाय. ठेवलो थंय रवता. तुझी आयस म्हणता, असो शांत पोर घराण्यात झालो नाय."

फार बरं वाटलं. मी लहानपणी म्हणे सगळी आळी डोक्यावर घ्यायचो. तो माझ्यावर गेला नाही हे चांगलं झालं. मनात जे एक होतं ते आज जरा सुटलं. बाईंचा पत्ता डायरीच्या मागे खोचलाय तो टाकून द्यावा असं वाटलं. टाकला नाही. कशाला पण टाकायचा.

२० डिसेंबर

जावळ काढायचं ठरलं, सातव्या महिन्यात. मामाच्या मांडीवर बसवून काढतात. म्हणजे माझ्या. भावोजी म्हणाले, "चल, दोघे जाऊ. तुझाच मान आहे."

म्हटलं, मावशी रजा देत नाही.

मावशीने रजा दिली असती. मावशीने वर टोपरं आणि झबलं पण आणून ठेवलंय. मी काल होडीच्या सावलीत बसून विचार केला, का नको म्हणालो? बाळाला बघायचं तर आहे. पण मांडीवर घेतलं की त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा लागेल, आणि ते डोकं... पुढचं मला नीट लिहिता येत नाही.

भावोजी एकटे गेले. मांडीवर चुलतमामा बसेल.

४ जानेवारी १९८७, रविवार

भावोजी आले. नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ. चहा होईपर्यंत बोलत होते, थांबत नव्हते. पोर गोरं, डोळे आईचे, केस असे दाट की वस्तऱ्याला धार कमी पडली.

"रडला का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. न्हाव्याला पण नवल वाटलं. वस्तरा लागला की पोरं आकांत करतात. हा आपला बघतोय. म्हणजे कुठे बघतो ते पण समजत नाही म्हणा, साधूसारखं." चहा प्याले. "मान जरा धरत नाही अजून. तुझी आई म्हणते जड अंगाचं आहे, सावकाश होईल. थाळी वाजवली, घंटा वाजवली, वळत नाही. तंद्रीत असतो. तुझी ताई तेवढी उगाच रडते रोज. बाळंतिणीचं मन हळवं असतं."

मी कप खाली ठेवला. भावोजी हसत होते. त्यांना काय सांगताहेत ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं की नव्हतं, ते सांगता येत नाही.

मग त्यांनी पिशवीतून फडकं काढलं. "हे तिने तुला दिलंय. म्हणाली, फक्त धाकूच्या हातात द्या, त्याका कळतला. काय आहे रे? गाठ सोडायची नाही असं बजावलंय."

मलमलची पुरचुंडी. तांदळाच्या डब्यात असायची तशीच. हातात घेतली तर वजनच नव्हतं.

मोरीत जाऊन सोडली. केस. बाळाचं जावळ. सगळं कणकेच्या गोळ्यात घालून समुद्रात सोडतात, तिने त्यातलं चिमूटभर काढून ठेवलेलं. सरळ लावून, मुळाकडे लाल दोरा बांधून. कुठली बाजू मुळाची ते बाईंना कळावं म्हणून.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. बांगड्याच्या डोळ्यापासून. की मी वड्या काढल्या तेव्हापासून? किडे विषारी नसतात म्हणाली तेव्हा? मी बाईंचं बोलणं तिला कधी सांगितलं नव्हतं, मुळाकडचं टोकाकडचं. रतनने सांगितलं असेल, बांगड्यांचे पैसे उसने घेताना मीच त्याच्याकडे बोललो होतो. तो नळावर सगळ्यांना सांगत होता, धाकूचे केस बाईला आवडले, दोन वर्षांचा हिशेब त्यात दिसला म्हणे. गावाला जाईपर्यंत ती मुकाट्याने मांदेली खात होती आणि मी तिला फसवतोय असं समजत होतो.

तिनेही मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काम सोडून पळालो असतो. तिला भाऊ माहीत आहे.

६ जानेवारी

बाईंच्या संस्थेत गेलो. पत्ता घामाने पुसट झालेला, तरी सापडली. कळवून गेलो नव्हतो, तासभर बाकावर बसलो. बाईंनी ओळखलं. "केस कापलेत तुम्ही!" मावशीने कापायला लावले, टोपलीत अडकतात म्हणून.

पुरचुंडी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिसऱ्या महिन्यातलं डोकं, चौथ्यातलं. किती वेळा ते विचारलं, जेवढं आठवतं तेवढं सांगितलं. बाईंनी लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"दोरा कोणी बांधला?"

"आईने."

म्हणाल्या, "टोकाचा भाग पोटातला आहे. तपासते. पण धाकूजी, केसातला आकडा कळून बाळाला काही फायदा होणार नाही. बाळाला डॉक्टरांनी बघायला हवं. इथे मुलांच्या इस्पितळात मी ओळखते. कान तपासतील, डोळे तपासतील, मान धरायचे, बसायचे व्यायाम शिकवतील. जितक्या लवकर तितकं बरं."

"बरा होईल?"

"ते मी सांगणार नाही. काहीजण बरेच सुधारतात. आणि कदाचित दुसरंच काही असेल, किंवा काही नसेलही. पण गावाला बसून कळणार नाही."

निघताना मी विचारलं, खाडीत हा पारा येतो कुठून? म्हणाल्या, नाल्यांतून, कारखान्यांतून, थोडा थोडा, कित्येक वर्षं. एकदा पाण्यात गेला की चिखलात बसतो, तिथे त्याचं रूप बदलतं, आणि मग माशात चढतो. चमचाभर सुद्धा पुष्कळ.

मी चप्पल घातली. पाऱ्याच्या वड्यांचं त्यांना सांगितलं नाही. सगळं सांगितलं म्हणून वर लिहिलं, तेवढं सोडून.

७ जानेवारी

भावोजींना सांगितलं. सोसायटीच्या फाटकावर, त्यांच्या ड्युटीत, स्टुलाशेजारी उभं राहून. घरात सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं होतं मारतील. गाड्या येत होत्या, ते उठून फाटक उघडत होते, बंद करत होते, परत येऊन बसत होते, आणि मी जिथे थांबलो तिथून पुढे सांगत होतो.

संपल्यावर म्हणाले, "थाळी वाजवली मी त्याच्या कानाशी. मला वाटलं तंद्रीत आहे."

मी म्हटलं, "तुम्ही बरोबर होतात. वासाचं."

"मी वासाचंच म्हणत होतो रे. ह्याचं मला काय माहीत?" मग एक गाडी आली. उघडून आले. "संपात बसलो मी. गळ टाकलास तू. शिजवलं तिने. कोणाला विचारून टाकलं होतं त्यांनी त्या खाडीत?"

"कोणी?"

"तेच तर."

टोपी काढून मांडीवर ठेवली. खिशातून पगाराचं पाकीट काढलं, अर्धं मला दिलं. "तिकिटाला. आई पण येऊ दे, हिला एकटीला जमणार नाही. व्यायाम कोण करून घेणार? मी ड्युटीवर."

"मी करीन. दुपारी घरीच असतो."

माझ्याकडे बघितलं. बुडाचं काही बोलले नाहीत.

८ जानेवारी

मावशीकडे उचल मागितली. कशाला ते विचारलं, सांगितलं. तिने कंबरेची पिशवी सोडली आणि जेवढी मागितली त्याच्यावर दोन नोटा ठेवल्या. ओरडली नाही. आवाज खाली जातो हे मला आज कळलं.

टपाल कचेरीत मनीऑर्डर केली. खालच्या कूपनवर लिहायला जागा बोटभर. आधी लिहिलं, ताई मला माफ कर. कारकुनाकडून दुसरा फॉर्म घेतला. त्यावर लिहिलं: केस बाईंना पोचवले. बाळाला घेऊन ये, आईला पण आण. डॉक्टर ठरवलेत. त्याला मी मांडीवर घेईन. स्टँडवर उभा आहे.

रक्कम अंकी लिहिली, मग खाली अक्षरी, गुरुजींनी शिकवल्यासारखी नीट: रुपये दोनशे चाळीस फक्त.